जुने शूटर गेम आणि मॉडिंग: कुठवर टिकले?

वाद कशाचा आहे

पडद्यावर आपला चेहरा नाही, फक्त हात आणि हातातली बंदूक; समोर भिंती, दारं आणि दबा धरून बसलेला शत्रू. फर्स्ट पर्सन शूटर या प्रकारातले पहिले नामवंत गेम आता तिशी ओलांडून गेले. ते आजही खेळण्याजोगे आहेत का? आणि त्यांच्या फाइली उघडून नवे नकाशे, नवी हत्यारं, कधी अख्खा नवा गेम उभा करणारी मॉडिंगवाली मंडळी अजून जागी आहेत का? गेल्या काही वर्षांत हा प्रश्न पुन्हा वर आला आहे. डूमच्या सुधारलेल्या आवृत्त्या निघतात, हाफ-लाइफची पंचविशी साजरी होते, जुन्या धाटणीचे नवे गेम बाजारात येतात. त्यामुळे हा निव्वळ जुन्या खेळाडूंच्या गप्पांचा विषय राहिलेला नाही.

धाराशिव जिल्ह्यात हा वाद घरातल्या घरात चालतो. कळंब-उमरग्याकडच्या घरातला चाळिशीला टेकलेला काका आयजीआय आणि काउंटर-स्ट्राइकची नावं काढतो. पुतण्या मोबाइलवरून नजर न काढता म्हणतो, "काका, तसली ठोकळ्याची माणसं आता कोण बघतंय?" दोघांचंही थोडं थोडं खरं आहे. पण बोलता बोलता दोन प्रश्नांची सरमिसळ होते. गेम टिकला का हा एक, आणि गेम उसवून पुन्हा शिवणारे लोक टिकले का हा दुसरा. दोन्हींची उत्तरं वेगळी येतात.

दार उघडं कुणी ठेवलं

मे १९९२ मध्ये टेक्ससच्या इड सॉफ्टवेअरचा वोल्फेनस्टाइन थ्रीडी आला. कुणी न सांगता चाहत्यांनी त्याच्या फाइली फोडल्या आणि आपले नकाशे आत घातले. एखाद्या कंपनीने पुढच्या गेमला कुलूप घातलं असतं. इडच्या जॉन कारमॅकने उलटं केलं. १० डिसेंबर १९९३ ला आलेल्या डूममध्ये त्याने गेम चालवणारं इंजिन एकीकडे आणि नकाशे, चित्रं, आवाज दुसरीकडे ठेवले. या दुसऱ्या गठ्ठ्याची फाइल म्हणजे वॅड. मूळ गेमला हात न लावता आपली वॅड फाइल जोडली की नवा गेम सुरू. पहिला नऊ नकाशांचा भाग फुकट वाटला होता, त्यामुळे तो जगभर पसरला. १९९४ मध्ये चाहत्यांनीच नकाशे बनवायचा एडिटर तयार केला. १९९६ च्या फायनल डूममधला एक अख्खा संच तर चाहत्यांच्या गटानेच बनवला होता. तो कंपनीने विकत घेतला. डिसेंबर १९९७ मध्ये इडने डूमचा सोर्स कोड खुला केला आणि १९९९ मध्ये तो जीपीएल परवान्याखाली आला. पुढच्या साऱ्या गोष्टीचं मूळ दार उघडं ठेवण्याच्या या निर्णयात आहे.

१९९६ च्या क्वेकने खरी त्रिमिती आणली. फरक समजायला आपल्याच जिल्ह्यातलं नळदुर्ग बरं पडतं. डूमच्या नकाशात एका खोलीवर दुसरी खोली बसत नाही. कुठल्याही जागेला एकच जमीन आणि एकच छत. नळदुर्गचा उंच उपळी बुरूज आणि त्याच्या पायऱ्या डूममध्ये बांधता येतील. पण बोरी नदीवरच्या बंधाऱ्याच्या पोटातला पाणीमहाल, म्हणजे आत दालन आणि डोक्यावरून पाणी, डूमच्या मूळ इंजिनात उभाच राहत नाही. क्वेकमध्ये राहतो. शिवाय क्वेकने खेळाचे नियम बदलायला स्वतःची छोटी भाषाही दिली. टीम फोर्ट्रेस हा गाजलेला मॉड त्यातून निघाला.

पुढची साखळी सरळ आहे. व्हॉल्व कंपनीने क्वेकचं इंजिन घेऊन, त्यात भरपूर बदल करून, नोव्हेंबर १९९८ मध्ये हाफ-लाइफ काढला आणि मॉड करण्याची साधनंही वाटली. मिन ले आणि जेस क्लिफ या दोन तरुणांनी त्यावर जून १९९९ मध्ये काउंटर-स्ट्राइकची पहिली बीटा आवृत्ती दिली. वर्षभरात व्हॉल्वने तो मॉड आपल्याकडे घेतला आणि २००० मध्ये दुकानात आणला. आपल्या सायबर कॅफेंमध्ये जो 'सीएस' म्हणून खेळला गेला, तो मुळात असा कुणाच्या तरी गेमवर केलेला फेरफार होता. खेळणाऱ्या बहुतेकांना हे ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक असण्याचं कारणही नव्हतं.

क्लास, कॅफे आणि लोडशेडिंग

आपल्याकडे हे गेम आले ते निराळ्या वाटेने. घरात संगणक असणारी कुटुंबं मोजकी. २००१ मध्ये एमकेसीएलची स्थापना झाली, पाठोपाठ एमएस-सीआयटी सुरू झालं आणि तालुक्याच्या गावांत संगणकाचे क्लास उघडले. सायबर कॅफेही त्याच सुमाराचे. दहा-पंधरा रुपये तास, पाच-सहा मशिन, मध्ये स्विच, आणि संध्याकाळी सगळ्या मशिनवर एकच गेम. काउंटर-स्ट्राइक १.६ इतका हलका होता, की क्लासच्या जुन्या पेंटियमवरही पळायचा. त्याला इंटरनेट लागत नव्हतं, नुसती लॅन पुरे. इंटरनेट जिथे भरवशाचं नव्हतं तिथे हीच त्याची मोठी सोय.

या गेमचा हिशेबही पोरांना चटकन समजला. पहिल्या फेरीला हातात ८०० डॉलर, एके-४७ ची किंमत २५००, कितीही जिंकलात तरी खिशात जास्तीत जास्त १६०००. मरण आलं तर बंदूक गेली. म्हणून पैसे राखायचे की उधळायचे यावर पाच जणांची बाजारात भाव करावा तशी घासाघीस चालायची. डस्ट-२ या नकाशातला कोपरान् कोपरा माहीत असलेली मुलं होती. एडब्ल्यूपी-इंडिया नावाचा चाहत्यांनी केलेला नकाशा इथल्या मशिनवर सर्रास सापडायचा, आणि नाव आपलं म्हणून लावलाही जायचा.

प्रोजेक्ट आयजीआयची गोष्ट वेगळी. डिसेंबर २००० मध्ये नॉर्वेच्या इनरलूप स्टुडिओने केलेला हा गेम युरोप-अमेरिकेत बऱ्यापैकी चालला आणि विसरला गेला. भारतात मात्र तो घराघरांत पोचला. चौदा मोहिमा, डेव्हिड जोन्स हा एकांडा शिलेदार, पहिलीच मोहीम रेल्वे यार्डातली. इनरलूपने आधी केलेल्या लढाऊ विमानाच्या गेमचंच इंजिन इथे वापरलं होतं, म्हणून त्यात माळरानासारखी लांबच लांब मोकळी जागा दिसायची. डोंगरावर दबा धरून बसायचं, दुर्बिणीतून तळ पाहायचा, आधी कॅमेरे बंद करायचे, मग आत शिरायचं. अलार्म वाजला की बरॅकमधून शिपाई निघतच राहायचे.

आणि त्यात मोहिमेच्या मध्ये सेव्ह करण्याची सोय नव्हती. समीक्षकांनी तेव्हाही यावर बोट ठेवलं होतं. मराठवाड्यात हा दोष दुप्पट जाचक झाला, कारण ज्या वर्षांत आयजीआय इथे रंगात होता त्याच वर्षांत लोडशेडिंगही रंगात होतं. अर्धा-पाऊण तास लपतछपत शत्रूच्या तळापर्यंत जावं आणि लाइट जावी. यूपीएसची बॅटरी बहुधा नावालाच. परत पहिल्यापासून. गंमत अशी, की याच जाचामुळे त्या मोहिमा लोकांना पाठ झाल्या. आयजीआय आजही ज्या तपशिलाने आठवला जातो, त्याचं थोडं श्रेय वीज कंपनीलाही द्यावं लागेल.

नंतर कॅफे ओसरले. २०११ च्या सायबर कॅफे नियमांनी ओळखपत्र, वर्षभराच्या नोंदी आणि साडेचार फुटांपेक्षा उंच नसलेली पार्टिशन सक्तीची केली. खरा घाव मात्र सप्टेंबर २०१६ ला बसला. जिओ आलं आणि इंटरनेट प्रत्येकाच्या खिशात गेलं.

'टिकले' म्हणणाऱ्यांची बाजू

जुने गेम टिकले म्हणणाऱ्यांचा पहिला मुद्दा रचनेचा. डूममध्ये गोष्ट जवळजवळ नाही, पण वेग आहे, आणि प्रत्येक शत्रूची चाल वेगळी असल्याने कुणाला आधी मारायचं हे क्षणाक्षणाला ठरवावं लागतं. पुढच्या अनेक शूटरनी खेळाडूला हाताला धरून गोष्टीतून नेलं. डूम नुसती जागा देतो आणि वाट तुमची तुम्ही शोधा म्हणतो. ही चव अजून विकली जाते, याला पुरावा आहे. २०१८ चा डस्क, २०१९ चा आयन फ्युरी हे नव्या पिढीने जुन्या पद्धतीने केलेले गेम. दुसरा तर नव्वदीच्या दशकातल्या इंजिनावरच बांधलेला. मूळ डूमच्या कर्त्यांपैकी जॉन रोमेरोने २०१९ मध्ये डूमसाठी सिजिल हा नऊ नकाशांचा नवा भाग काढला आणि २०२३ मध्ये त्याचा दुसरा भाग.

दुसरा मुद्दा यंत्राचा, आणि आपल्या दृष्टीने तोच वजनदार. मूळ डूमला ३८६ संगणक आणि ४ एमबी रॅम पुरे होती. हाफ-लाइफला १३३ मेगाहर्ट्झचा पेंटियम. मे २०२५ मध्ये आलेल्या डूम: द डार्क एजेसला १६ जीबी रॅम, रे-ट्रेसिंग जमणारं ग्राफिक कार्ड आणि १०० जीबी जागा लागते. २०१८ मध्ये नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आलेल्या जिल्ह्यात असलं मशिन किती घरांत असणार? जुना गेम इथे गरीब घरातही बसतो.

तिसरा मुद्दा कमी बोलला जातो, पण मला तो सर्वांत पटतो. डूममध्ये खेळाची नोंद होते ती चित्रफितीने नव्हे. सेकंदाला ३५ ठोक्यांप्रमाणे खेळाडूने कोणतं बटण दाबलं एवढंच फाइलीत लिहिलं जातं, आणि इंजिन त्यावरून सगळा खेळ पुन्हा जसाच्या तसा खेळून दाखवतं. १९९४ मधल्या कुणाचा तरी डाव आज आपल्या मशिनवर पाहता येतो, कारण कोड खुला असल्याने जुन्या वागणुकीशी इमान राखणारी नवी इंजिनं लोकांनी लिहिली. सर्व्हर बंद झाला की संपणाऱ्या आजच्या गेमांत हे होत नाही.

'आठवणच उरली' म्हणणाऱ्यांची बाजू

उलट बाजूही हलकी नाही. पुतण्याला मूळ डूम लावून द्या. पाच-दहा मिनिटं मजा येते, मग तो लाल किल्ली शोधत त्याच त्या बोळांतून फिरतो आणि कंटाळतो. काहींना तो वेगवान हलता पडदा पाहून मळमळतं. आयजीआयमध्ये पहारेकरी कधी भिंतीपलीकडचं ओळखतात, कधी नाकासमोरचा माणूस त्यांना दिसत नाही. हे दोष तेव्हाही होते. पर्याय नव्हता म्हणून खपले. जे गेम पोरवयात, मित्रांच्या खांद्याला खांदा लावून खेळले, त्यांचा गोडवा गेममध्ये किती आणि त्या वयात किती, हे वेगळं काढणं अवघड आहे.

या गेमांनी शत्रू म्हणून ज्या देशांची आणि वंशांची माणसं ठरावीक साच्यात उभी केली, आणि बायकांना जे तुटपुंजं स्थान दिलं, तेही आज खटकतं. हिंसेचा प्रश्न यापेक्षा जुना आहे. १९९९ च्या कोलंबाइन शाळेतल्या गोळीबारानंतर डूमवर बोट दाखवलं गेलं, आणि आपल्याकडे २०१९ मध्ये गुजरातेतल्या काही शहरांनी पबजीवर बंदी घातली. तो वाद संशोधकांतही मिटलेला नाही, पण जुना गेम चांगला की वाईट हे त्यावरून ठरत नाही, म्हणून इथे थांबतो.

माझ्या मते या बाजूचा सर्वांत कठीण सवाल असा: नव्या खेळाडूने, कुठलीही आठवण पाठीशी नसताना, तो गेम पूर्ण खेळला का? या कसोटीवर काउंटर-स्ट्राइक पास होतो. त्याचा गाभा २०२३ च्या काउंटर-स्ट्राइक-२ मध्येही जवळपास तसाच आहे, आणि जुना १.६ आजही रोज हजारो लोक खेळतात. हाफ-लाइफ बराचसा पास. डूम मॉडच्या आधाराने पास. आयजीआय मूळ रूपात नापास.

मॉडिंगवाल्यांचं काय झालं

आयजीआय नापास का होतो, याचं उत्तर त्याच्या बंदिस्तपणात आहे. कंपनीने मॉडची साधनं दिली नाहीत, कोड खुला केला नाही, आणि इनरलूप बंद पडल्यावर दोष दुरुस्त करायलाही कुणी उरलं नाही. काही हौशी चाहत्यांनी फाइली उलगडून स्वतःच एडिटर बनवले, पण बाहेरून भिंत पोखरावी लागते तेव्हा काम सावकाशच होतं. डूमची अवस्था पाहा. मार्च २०२३ मध्ये मायहाऊस नावाचा एक नकाशा आला. वरकरणी कुणाच्या तरी राहत्या घराची प्रतिकृती. आत फिरता फिरता घर बदलत जातं. तीस वर्षांच्या गेममधल्या त्या नकाशावर जगभर लिहिलं गेलं. हाफ-लाइफ नव्याने बांधणारा ब्लॅक मेसा २०१२ मध्ये मॉड म्हणून आला आणि २०२० मध्ये व्हॉल्वच्या संमतीने पूर्ण गेम म्हणून विकला गेला. फेब्रुवारी २०२५ मध्ये व्हॉल्वने टीम फोर्ट्रेस-२ चा कोडही मॉडिंगसाठी दिला.

कायद्याची बाजू तितकी मोकळी नाही. अमेरिकेत १९९८ मध्ये मायक्रो स्टार विरुद्ध फॉर्मजेन या खटल्यात, चाहत्यांनी ड्यूक न्यूकेम या शूटरसाठी बनवलेले नकाशे सीडीवर भरून विकणं हा मूळ हक्कधारकाच्या हक्कांचा भंग ठरला. म्हणजे करा, वाटा, पण विकू नका. पैशाचा दुसरा प्रयोग २०१५ मध्ये झाला. स्कायरिम या गेमचे मॉड विकायची सोय निघाली, मॉड करणाऱ्याचा वाटा २५ टक्के, आणि आरडाओरडा होताच ती काही दिवसांत गुंडाळली गेली. मेहनतीचे पैसे मिळावेत, असं एक गट म्हणतो. पैसा आला की फुकट देण्या-घेण्याची रीत मोडते, असं दुसरा म्हणतो. यावर एकमत नाही.

आपल्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये एक प्रोग्राम दुसऱ्याशी जुळवून घेण्यासाठी आवश्यक माहिती काढायला मुभा आहे, पण ती कायदेशीर प्रत बाळगणाऱ्याला. कॅफेतल्या प्रती बहुतेक चोरीच्या. इथल्या पोरांनी जग पाहिलं ते याच प्रतींमुळे, आणि मॉडिंगच्या उघड व्यवहारात ते उतरले नाहीत तेही काही अंशी याच प्रतींमुळे; चोरीची प्रत वापरणारा आपलं नाव लावून काम कुठे पाठवणार? भाषा इंग्रजी, मशिन तासाच्या भाड्याचं आणि एडिटर शिकायला लागणारे महिने, ही बाकीची कारणं. आम्ही मॉड वापरले पोत्याने, बनवले मूठभर.

पबजीची वंशावळ

मोबाइल आल्यावर हे सगळं निकालात निघालं, असं मानायची रीत आहे. वस्तुस्थिती थोडी वेगळी आहे. ब्रेंडन ग्रीनने आर्मा-२ या गेमच्या डेझी या मॉडवर आणखी फेरफार करून शेवटी एकच जगेल असा खेळ रचला, आणि त्यातून २०१७ मध्ये पबजी झाला. सप्टेंबर २०२० मध्ये पबजी मोबाइलवर भारतात बंदी आली, २०२१ मध्ये त्याचीच भारतीय आवृत्ती बीजीएमआय आला, २०२२ मध्ये तो हटवला गेला आणि २०२३ मध्ये परतला. पुतण्या खेळतो तो गेम मॉडच्याच पोटचा आहे. एका दोराने काका-पुतणे दोघेही बांधलेले आहेत, फक्त पुतण्याला त्या गेमचं पोट उघडून पाहता येत नाही.

मॉड म्हटलं की मोबाइलवाल्या पोराला आठवतो तो मॉड एपीके, म्हणजे फुकटात डायमंड नाहीतर भिंतीआड पाहायची चोरवाट. फसवणूक जुन्या गेमांतही होती. २०१८ मध्ये शांघायच्या काउंटर-स्ट्राइक स्पर्धेत एका भारतीय संघातल्या खेळाडूच्या मशिनवर नेम धरून देणारा प्रोग्राम सापडला आणि संघ बाद झाला. फरक एवढाच, की जुन्या गेममध्ये चोरवाटेशेजारी सरळ दारही होतं. मोबाइलवरही तसं एक दार आहे: फ्री फायर या गेमच्या क्राफ्टलँडमध्ये फोनवर नकाशे बनवता येतात, आणि तिथे पोरं ते बनवतातही. याला मॉडिंग म्हणायचं का? काहींच्या मते हेच नव्या काळाचं मॉडिंग आहे, कारण फोन सगळ्यांकडे आहे. काहींच्या मते नाही, कारण कंपनीने सोय काढून घेतली की केलेलं सगळं जातं. निकाल द्यायला अजून पुरेसा काळ गेलेला नाही.

न सुटलेले धागे

पहिला धागा जपणुकीचा. २०२३ मधल्या एका अमेरिकी अभ्यासात २०१० पूर्वी तिथे निघालेल्या गेमांपैकी ८७ टक्के आज बाजारात मिळत नाहीत असं आढळलं. द क्रू या गेमचे सर्व्हर मार्च २०२४ मध्ये बंद झाल्यावर युरोपात विकत घेतलेले गेम चालू ठेवा अशी मोहीम निघाली आणि २०२५ मध्ये तिच्या सह्या दहा लाखांवर गेल्या. आपल्याकडे २०२५ चा ऑनलाइन गेमिंग कायदा आला तो पैशाचे गेम रोखायला आणि ई-स्पोर्ट्सला मान्यता द्यायला. मॉडिंगला त्यात वेगळा कप्पा नाही.

दुसरा धागा मराठीचा. डूमच्या मूळ इंजिनात एका अक्षराला एक चित्र असतं. इंग्रजीला ते पुरतं. मराठीत काना-मात्रा, जोडाक्षरं, रफार यांना ते पुरत नाही, म्हणून मेनू आणि संवाद मराठीत आणणं किचकट आहे. भिंतीवरचा मजकूर मात्र सोपा, कारण तो नुसतं चित्र असतो. एसटी स्टँडवरची 'तुळजापूर' ही पाटी फोटो काढून, २५६ रंगांत बसवून, हाफ-लाइफच्या भिंतीवर आजच्या आज लावता येईल. परांडा आणि नळदुर्ग हे दोन किल्ले हाताशी असलेल्या जिल्ह्यात नकाशाला विषयांची वाण नाही. पुण्याच्या सुपरगेमिंगने २०२४ मध्ये इंडस हा भारतीय वळणाचा शूटर काढला. तसं काम करायला कंपनी लागते. एका नकाशाला एक माणूस आणि सुट्टी पुरते. फ्रीडूम हा डूमच्या खुल्या इंजिनावर चालणारा, पूर्ण फुकट आणि कायदेशीर गेम आहे, आणि तो एमएस-सीआयटीच्या जुन्यात जुन्या मशिनवर चालतो.

तेव्हा माझा निकाल असा: ज्या गेमांचं दार उघडं राहिलं ते टिकले, बाकीच्यांची आठवण टिकली. आपल्या जिल्ह्याने गेमांवर प्रेम केलं, पण त्या दारातून आत जाणारे थोडेच निघाले.

जे थोडे गेले त्यांचं काम मात्र हरवू नये. ज्यांनी कॅफे किंवा क्लास चालवला त्यांच्या माळ्यावर जुनी मशिन पडून असतील. भंगारवाल्याला देण्याआधी हार्डडिस्क एकदा जोडून पाहा. काउंटर-स्ट्राइकच्या फोल्डरात सीस्ट्राइक आणि त्याच्या आत मॅप्स असा फोल्डर असतो. त्यातल्या बीएसपी, म्हणजे नकाशाच्या, फाइली जेमतेम काही एमबीच्या. ज्या फाइलीचं नाव नेटवर कुठेच सापडत नाही, ती इथेच बसून कुणी केलेली असू शकते. ती पेनड्राइव्हवर काढून ठेवा आणि केलेल्याचं नाव आठवत असेल तर सोबत लिहून ठेवा.